तराजूवाला पैसा ग्रेडिंगला पाठवायचा का? आत्याच्या डबीतल्या 1833 च्या नाण्याचं पूर्ण प्रकरण

प्रकरण असं आहे. नाणं एकच, तांब्याचं, मुंबई इलाख्याचा 1833 चा पाव आणा म्हणजेच एक पैसा, ज्याच्या एका बाजूला तराजू आहे. मालकीण माझी आत्या. ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याचा खरेपणा आणि अवस्था तपासून नंबर देणाऱ्या कंपनीकडे, पाठवूया असा आग्रह माझ्या आतेभावाचा. आणि मत विचारलं मला, कारण कंपनी सरकारच्या काळातली तांब्याची नाणी मी बरीच वर्षं जमवतेय आणि घरात सगळ्यांना ते माहिती आहे. असे फोन आणि मेसेज मला सारखे येत असतात, प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढते, म्हणजे कुठल्या क्रमाने विचार केला ते कळेल.

आतेभावाच्या डोक्यात हे आलं कुठून, तर मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात असंच नाणं प्लास्टिकच्या कडक डबीत, वर लेबल, लेबलवर नंबर आणि खाली किंमत अशी की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. मग त्याने एका माणसाला फोन लावला, तो म्हणाला ग्रेडिंग करून घ्या, आम्ही पाठवतो, नंतर गिऱ्हाईकही आम्हीच देतो, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. इथे मी त्याला लगेच थांबवलं. जुनी नाणी लाखांत घेतो म्हणून आधी फी मागणारे लोक इतके झालेत की 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढावी लागली, आमचं नाव वापरून असे व्यवहार करणाऱ्यांना फसू नका म्हणून. तेव्हा तो फोनवाला माणूस यादीतून पहिल्यांदा बाद. पण त्यामुळे मूळ प्रश्न बाद होत नाही. ग्रेडिंग ही खरी गोष्ट आहे, चांगल्या कंपन्या आहेत, आणि काही नाण्यांना ते खरंच लागतं. हे नाणं त्यातलं आहे का, एवढंच बघायचं होतं.

आता नाण्याबद्दल थोडं, कारण ते ओळखता आलं नाही तर पुढचं सगळं हवेत. 1835 च्या कायद्याने कंपनीने सगळ्या हिंदुस्थानात एकसारखी नाणी आणली, त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल या तीन इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. आपलं नाणं त्या बदलाच्या अगदी उंबरठ्यावरचं. मुंबईच्या फोर्टातली टाकसाळ तेव्हा नवी होती, 1829 च्या सुमारास सुरू झालेली, वाफेवरची यंत्रं होती, त्यामुळे ही नाणी हाताने ठोकलेल्या शिवराईसारखी वेडीवाकडी नाहीत, गोल आणि सारखी आहेत. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, ढाल, दोन्हीकडे सिंह, खाली इसवी सन. दुसऱ्या बाजूला तराजू, दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल' म्हणजे न्याय, वर इंग्रजीत क्वार्टर ॲना, आणि खाली हिजरी सन 1249 फारसी आकड्यांत. तेव्हा रुपयाला 16 आणे, म्हणजे असे 64 पैसे दिले की एक रुपया. रोजच्या बाजारात मीठ-मिरचीला फिरणारं नाणं. म्हणून ते भरपूर पाडलं गेलं आणि म्हणूनच आजही महाराष्ट्रात जुन्या घरांत, देवघरातल्या डब्यांत, मोडीत द्यायच्या तांब्या-पितळेच्या ढिगात सुद्धा ते निघतं.

जुनं आहे म्हणजे महाग असणार, हा समज मला प्रत्येक वेळी मोडावा लागतो. ॲडमिरल गार्डनर नावाचं कंपनीचं जहाज 1809 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यात मद्रास इलाख्यासाठी पाठवलेली 1808 ची तांब्याची 10 आणि 20 कॅशची (कॅश हे तिथलं छोटं चलन) नाणी होती, ती 1980 च्या दशकात पाण्यातून इतक्या संख्येने वर आली की आज दोनशे वर्षांहून जुनं ते नाणं कुणीही नवा संग्राहक सहज घेऊ शकतो. किंमत वयावर ठरत नाही. किती उरलीत, कुठल्या अवस्थेत उरलीत आणि किती जणांना हवीत यावर ठरते.

पहिला प्रश्न, खरं आहे का. आत्याच्या ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवलं तर वजन 6.4 ग्रॅमच्या थोडं वर. मूळ वजन 100 ग्रेन म्हणजे जवळपास 6.48 ग्रॅम, तेव्हा झीज धरून बरोबर बसतं. इसवी 1833 आणि हिजरी 1249 एकमेकांशी जुळतात, कारण 1249 हे हिजरी वर्ष 1833 च्या मे महिन्यात सुरू झालं. कडेला साच्याचा सांधा नाही, पृष्ठभागावर ओतीव नाण्याला असतात तशा बारीक छिद्रांची रांगोळी नाही, अक्षरांच्या कडा झिजल्यात पण मऊ-मेणचट नाहीत. आणि मुळात हे नाणं इतकं स्वस्त आहे की त्याची नक्कल करायचा कुणाला फायदा नाही. नकली माल असतो तो राम दरबारवाला 1818 चा आणा, अर्धा आणा वगैरे, जे कंपनीने कधी पाडलेच नाहीत आणि ज्यांच्यावर लोक अजून लाखो रुपये लावून बसलेत, नाहीतर शिवराई होनासारख्या दुर्मिळ गोष्टींचा. आपल्या पैशाबद्दल कुणालाही शंका नव्हती. म्हणजे ग्रेडिंगचं जे सगळ्यात मोठं कारण, खरं-खोटं ठरवणं, ते इथे उरलंच नाही.

दुसरा प्रश्न अवस्थेचा आणि खरं प्रकरण इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आतेभावाने मला जे फोटो पाठवले त्यात नाणं चक्क चमकत होतं. लालसर गुलाबी, तांब्याचा नवा तांब्या असतो तसं. तो म्हणाला, ताई, ते लोक याला रेड म्हणतात आणि रेडला जास्त पैसे मिळतात. हे त्याचं ऐकीव होतं पण चूक नव्हतं. तांब्याच्या नाण्याला ग्रेडिंगवाले रंगाची दोन अक्षरी खूण लावतात, ब्राऊन, रेड-ब्राऊन, रेड, आणि टाकसाळीतून निघतानाचा मूळ लाल रंग जितका टिकला असेल तितकी किंमत वर जाते, कारण तांबं हवेत, हाताच्या घामात, दमटपणात हळूहळू काळवंडतंच, दोनशे वर्षं लाल राहणं ही फार अवघड गोष्ट आहे. त्यामुळे कुणी दोनशे वर्षांचं चमकतं तांबं दाखवलं की माझी पहिली शंका नेहमी एकच, घासलंय का.

हे ओळखायची माझी पद्धत सांगते. नाणं कडेने धरायचं, बोट पृष्ठभागाला लावायचं नाही, एका बल्बखाली तिरपं करून हळूहळू फिरवायचं आणि लाली नेमकी कुठे आहे ते बघायचं. मूळ लाली असेल तर ती लपलेल्या जागी उरते, अक्षरांच्या आजूबाजूला, तराजूच्या दोऱ्यांच्या मधे, सिंहाच्या पायांच्या कोपऱ्यात, जिथे माणसाचं बोट आणि खिशातली दुसरी नाणी पोचत नाहीत, आणि उठावाच्या वरच्या जागा तपकिरी झालेल्या असतात. घासलेलं असेल तर बरोब्बर उलट दिसतं. उठाव चमकतात, मोकळी जागा चमकते, आणि काळं उरतं ते अक्षरांच्या खोबणीत, जिथे कापड किंवा बोट गेलं नाही. आत्याच्या नाण्यावर क्वार्टर ॲना या अक्षरांच्या मुळाशी काळी रेघ होती, 'अदल' च्या वळणात काळं साचलेलं होतं, आणि बाकी सगळं नाणं एकसारखं गुलाबी. दहा पट दाखवणाऱ्या भिंगातून मोकळ्या जागेवर एकाच दिशेच्या बारीक रेघा, केसांसारख्या. याला ग्रेडिंगच्या भाषेत हेअरलाइन्स म्हणतात.

मी आत्याला विचारलं, आत्या, हा पैसा घासता का हो कधी? तर ती म्हणाली, "अगं, घासल्याशिवाय देवापुढे ठेवायचा का? दर वर्षी गौरी बसवायच्या आधी चिंच-मीठ लावून घासते, मग कलशात घालते. सासूबाईंनी दिला तेव्हापासून."

त्या एका वाक्यात नाण्याचा सगळा इतिहास आला. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा वरचा थर विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं, खाली नवं तांबं उघडं पडतं, ते गुलाबी दिसतं, थोड्या दिवसांनी परत काळवंडतं, पुढच्या वर्षी परत तेच. दर वेळी एक पापुद्रा जातो. सिंहांची आयाळ जवळपास सपाट झाली होती, तराजूच्या दोऱ्या एका बाजूला पुसट होत्या. नुसती झीज बघितली तर मी त्याला व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे मध्यम झिजलेलं) म्हटलं असतं. आत्याने काही चुकीचं केलं असं मला अजिबात वाटत नाही, तिच्या दृष्टीने तो कलशातला पैसा आहे, पूजेची भांडी घासतात तसा तोही घासायचा, आणि तो अजून घरात आहे तो त्या कलशामुळेच, नाहीतर कधीच मोडीत गेला असता.

पण ग्रेडिंगवाला हे बघत नाही. ते आज जी 1 ते 70 ची मोजपट्टी वापरतात ती विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने 1949 मध्ये मांडली आणि ती मांडली ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठीच, नंतर ती सगळ्या नाण्यांना लागू झाली. ग्रेडिंगच्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या, पीसीजीएस 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये सुरू झाली, दोन्हीकडे नियम सारखाच की घासलेल्या, आम्ल लावलेल्या, कोरून दुरुस्त केलेल्या नाण्याला सरळ नंबर मिळत नाही. लेबलवर नुसतं 'व्हीएफ डिटेल्स' आणि पुढे 'क्लीन्ड', म्हणजे साफ केलेलं, असं येतं. म्हणजे नाणं खरं आहे, झीज एवढी आहे, पण पृष्ठभाग मूळचा नाही. विकायला गेलं की बाजारात त्या शब्दाचे पैसे कापले जातात, उलट स्लॅब (कंपनीची ती कडक बंद डबी) नसता तर एखाद्याने नुसतं हातात घेऊन आनंदाने घेतलं असतं.

आतेभाऊ सहज सोडणारा नाही. म्हणाला, पण डिटेल्स आलं तरी खरं असल्याचं सर्टिफिकेट तर मिळेल ना? मिळेल की. पण ज्या गोष्टीवर कुणाचा संशयच नाही तिचं सर्टिफिकेट घ्यायला पैसे कशाला घालवायचे.

पैशाचा हिशोब छोटाच आहे. असा झिजलेला तराजूवाला पैसा पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनात डीलरच्या पेटीतून शे-दोनशे रुपयांत मिळतो, जरा बरा असेल तर थोडा वर. आम्ही एका नेहमीच्या, विश्वासाच्या डीलरला विचारलं तर ग्रेडिंगची फी, हाताळणी, विमा, येण्या-जाण्याचं कुरियर सगळं धरून एका नाण्याला तीन हजारांच्या पुढेच जाईल म्हणाला, आणि तोच म्हणाला की हे पाठवू नका. ज्याला त्यातून कमिशन मिळालं असतं तोच नको म्हणतोय म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल आदर वाटला. नाण्याच्या किमतीच्या पंधरा पट खर्च करून वर 'क्लीन्ड' शब्द चिकटवून घ्यायचा, याला काही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलतच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते, ती म्हणजे कायदा. 1972 चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा, यात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेषात मोडतं, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे, तुम्हाला-मला नाही. मोडला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि वर दंड. 'ग्रेडिंग करून परत येणारच आहे' हे कारण चालत नाही. मोठ्या ग्रेडिंग कंपन्या मुळात अमेरिकेतल्या, त्यामुळे कुणीही तुमचं शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं मागितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की ते प्रत्यक्ष कुठल्या शहरात उघडून बघितलं जाणार आहे, आणि उत्तर लेखी घ्यायचं. कुरियरच्या पाकिटावर 'गिफ्ट' किंवा 'धातूचं बटण' लिहून पाठवू असं सांगणारे लोक आहेत. नाणं कस्टममध्ये अडकलं तर पाकिटावर नाव तुमचं असतं, त्यांचं नाही. अमेरिकेत, दुबईत राहणारी आपली मंडळी सुट्टीला आली की आजीची नाणी बॅगेत टाकून तिकडे ग्रेड करायला नेतात, त्यांनाही हेच लागू होतं, प्रेमापोटी नेलं तरीही.

आतेभावाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी मनापासून विचारात घेतला. तो म्हणाला, विकायचं राहू दे, आईनंतर कुणाला कळणारही नाही हे काय आहे, स्लॅबमध्ये असेल तर जपलं जाईल, नाव लिहिलेलं राहील. हे खरं आहे. घरातल्या वस्तूंची ओळख एका पिढीत पुसली जाते हे मी कितीतरी घरांत बघितलंय, उत्तम नाणी मुलांनी भंगारात दिलेली बघितलीत. पण ओळख जपायला स्लॅबच लागतो असं नाही. एक जाड, आम्लरहित कागदाचं छोटं पाकीट, त्यावर पेन्सिलने नाण्याचं नाव, वजन, दोन्ही सन, आणि 'सासूबाईंकडून आत्याला, गौरीच्या कलशातला पैसा' ही ओळ. ही ओळ कुठलीही ग्रेडिंग कंपनी लेबलवर छापत नाही आणि घरच्यांसाठी किंमत तिचीच आहे. दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले की झालं. आणि स्लॅबमध्ये घातलं की तांबं अमर होतं असंही नाही, डबी पूर्ण हवाबंद नसते, कोकणातल्या पावसाळ्यात आतसुद्धा रंग बदलू शकतो, म्हणूनच कंपन्या तांब्याच्या रंगाची हमी द्यायला हात आखडता घेतात.

मग मी हो कधी म्हटलं असतं? हाच पैसा, पण लाली अक्षरांच्या मुळाशी असती, तराजूच्या दोऱ्या केसासारख्या धारदार असत्या, आणि कुणी कधी घासलाच नसता, तर मी भारतातच कुठे नीट ग्रेडिंग होतं ते शोधून नक्की पाठवायला सांगितलं असतं, कारण अशा अवस्थेत तो सहज मिळत नाही आणि घेणारा फोटोवर विश्वास ठेवून मोठी रक्कम देत नाही. किंवा तो 1791 किंवा 1794 चा, इंग्लंडात बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत मुंबईसाठी पाडलेला पैसा असता आणि आरशासारखा गुळगुळीत, सोन्याचा मुलामा दिलेला वाटत असता, तरी हो म्हटलं असतं, कारण त्यातले खास काळजीने पाडलेले नग वेगळे असतात आणि तो फरक घरबसल्या ठरवायचा नसतो. शिवराईच्या बाबतीत मी नंबरापेक्षा जाणकाराचं मत जास्त मानते. हाताने ठोकलेल्या नाण्यावर 'श्री राजा शिव' पूर्ण बसलंय का, अक्षराचं वळण कुठल्या काळातलं, छत्रपतींच्या वेळची की नंतरची पेशवाईतली दुदांडी (मधे दोन रेघा असलेली शिवराई), हे सगळं 45 किंवा 50 या आकड्यात येत नाही.

निर्णय शेवटी आत्यानेच घेतला आणि तो एका मिनिटात घेतला. डबीत बंद केला तर कलशात कसा घालू, म्हणाली. आतेभावाने दोन दिवस तोंड पाडलं, मग स्वतःच सोनाराकडचं वजन पाकिटावर लिहून दिलं.

एक गोष्ट मात्र मी आत्याला हक्काने सांगितली. हिजरी सनाच्या खाली हिरवा ठिपका होता, नखाने टोकरलं की भुकटी येणारा. टणक, चकचकीत हिरवा थर असेल तर तो तसाच राहू द्यावा, पण भुकटीवाला हिरवा म्हणजे मिठातलं क्लोराईड आणि दमटपणा मिळून तांबं आतून खातायत, तो पसरतो. नाणं काही दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, पाणी रोज बदललं, ओला ठिपका टूथपिकच्या टोकाने अलगद काढला, मग शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून सुकवलं, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. चिंच लावायचीच असेल तर निदान मीठ नको, आणि विसर्जनानंतर नाणं लगेच धुऊन, घासून नाही तर टिपून कोरडं करायचं आणि मगच पाकिटात, एवढं तिने मान्य केलंय. मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवायचं नाही, त्यातल्या पीव्हीसीने तांब्यावर चिकट हिरवा थर येतो.

त्याच डबीत तळाला 1862 चा व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा निघालाय. तो कधी कलशात गेला नाही, गडद तपकिरी आहे, राणीच्या मुकुटाची नक्षी अजून वाचता येते. आतेभावाला सांगितलंय की त्याला हात लावायचा नाही, कडेने उचलून कागदात गुंडाळायचा आणि दिवाळीला घेऊन यायचा, भिंगाखाली बघितल्याशिवाय मी त्याच्याबद्दल काही बोलणार नाही.